शेगडीविना स्वयंपाक : वाचकांची पत्रं आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले की आमच्या घरी गॅसची शेगडी नाही, सगळा स्वयंपाक मायक्रोवेव्ह आणि ओटीजीवर (भाजायच्या विजेच्या छोट्या ओव्हनवर) होतो. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. निम्म्या पत्रांत पहिला प्रश्न 'का बरं?' असाच आहे, म्हणून आधी तेवढं सांगते. सासूबाई नव्वदीकडे झुकल्या, विसर पडायला लागला. दूध तापत ठेवायचं आणि देवळात निघून जायचं. त्यांच्या हातून स्वयंपाक काढून घेणं मला पटेना, म्हणून शेगडीच काढली. या दोन्ही यंत्रांना वेळ लावली की ती आपली आपण बंद होतात. सासूबाई आजही स्वतःचा उपमा स्वतः करतात आणि इथल्या, बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या शेजारणींना कौतुकाने सांगतात. आता पत्रांकडे वळू.

काकू, मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात एम.एस्सी. करते. मूळची बुऱ्हाणपूरची. फतेहगंजात पीजीत आम्ही तिघी राहतो. घरमालकीणबाई गॅस, इंडक्शन काहीच चालू देत नाहीत. पण खोलीत वीस लिटरचा साधा मायक्रोवेव्ह आहे आणि आधीच्या मुलींनी मागे ठेवलेला छोटा ओटीजी. टिफिनच्या भाजीवर तेल तरंगायचं म्हणून तो बंद केला. आता संध्याकाळी सेवउसळ, नाहीतर मॅगी. वजन वाढतंय, केस गळतायत. अर्ध्या तासात होईल असं खरंखुरं जेवण सांगा.
— एक विद्यार्थिनी, फतेहगंज

सगळ्यात आधी पोळीचा नाद सोड. घरापासून दूर राहणाऱ्या मुली पोळी जमत नाही म्हणून स्वयंपाकच सोडून देतात आणि मॅगीवर येतात. पोळ्या करून देणाऱ्या बायका फतेहगंजात, प्रतापगंजात विचारलंस तर मिळतील. चार पोळ्या विकत घे, बाकीचं ताट तू कर. विकतची पोळी ओलसर स्वच्छ रुमालात गुंडाळून पंधरा-वीस सेकंद मायक्रोवेव्हात ठेव, त्याहून जास्त नको, चामड्यासारखी होते.

आता यंत्रं ओळखून घे. मायक्रोवेव्ह मुख्यतः अन्नातलं पाणी तापवतो. म्हणून वाफवणं, उकडणं, शिजवणं हे त्याचं काम. पाणी आहे तोवर पदार्थ शंभर अंशांच्या फार वर जात नाही, त्यामुळे त्यात काही खरपूस होत नाही. व्हायला लागलं तर समज, ते करपायच्या वाटेवर आहे. ओटीजीचं उलट. त्याची कोरडी धग बाहेरून लागते, कडा लाल होतात, पण डाळभात शिजवायला तो निकामी. ओलं ते मायक्रोवेव्हात, कोरडं ते ओटीजीत. तुझ्या यादीतला प्रत्येक पदार्थ या दोन खणांत टाकून बघ. जो कुठेच बसत नाही, तो सुट्टीत आईच्या हातचा खा.

रोजची खिचडी अशी कर. अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची सालाची डाळ. डाळ तांदळाच्या बरोबरीने घ्यायची, आपल्याकडे चिमूटभर घालतात तशी नाही. दोन्ही धुऊन अर्धा तास भिजव. तीन-साडेतीन वाट्या पाणी, हळद, हिंग, मीठ, थेंबभर तेल. भांडं काचेचं आणि मोठं, दोन-अडीच लिटरचं. अर्धवट झाकून पूर्ण पॉवरवर उकळी येईपर्यंत, म्हणजे सहा-सात मिनिटं. मग पॉवर निम्म्यावर आणून बारा-चौदा मिनिटं. मध्येच गाजर, दुधी, मटार जे असेल ते घाल. बंद झाल्यावर पाच मिनिटं झाकून तसंच ठेव, शेवटचं शिजणं तेव्हाच होतं. यंत्राची टिंग वाजली की लगेच ताट घेऊन बसायची तरुण मंडळींची सवय मोडायला हवी.

फोडणीचं विचारलं नाहीस, पण विचारशील. तेल मायक्रोवेव्हात पाण्यापेक्षा हळू तापतं, तरी तापतं आणि शंभर अंशांच्या पुढे जातं. त्यामुळे फोडणी प्लास्टिकच्या डब्यात चुकूनही करायची नाही, उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेच्या वाडग्यातच. एक चमचा तेल, मोहरी, कढीपत्ता, वर काचेचं झाकण, दीड ते दोन मिनिटं. मोहरी तडतडल्याचा आवाज आला की थांब आणि हिंग-हळद नंतर घाल, आधी घातलीस तर हळद काळी पडेल. वाडगं काढताना जाड फडकं घे. याच फोडणीत मोड आलेले मूग दोन वाट्या, अर्धी वाटी पाणी, तिखट, गुळाचा खडा, झाकून सहा-सात मिनिटं. झाली उसळ. मटकीला दोन-तीन मिनिटं जास्त लागतील. वर लिंबू पिळायचंच, कारण कडधान्यातलं आणि पालेभाजीतलं लोह आंबटाच्या सोबतीने अंगाला चांगलं लागतं. जेवल्याजेवल्या चहा घेतलास तर तेच लोह वाया जातं. केस गळतायत म्हणतेस, तर हिमोग्लोबिन तपासून घे. ते काम ना उसळीचं, ना माझं.

आता थंडी आहे, खंडेराव मार्केटात मेथी, पालक, हिरवा लसूण, ताज्या तुरीचे दाणे ढिगाने येतात. पालक धुतल्यावर पानांना चिकटलेलं पाणी पुरतं, वेगळं घालायचं नाही. झाकून तीन मिनिटं. दुधीच्या फोडी दोन चमचे पाण्यात पाच मिनिटं, गवार सात-आठ. गवार आधी नुसती वाफवायची, मसाला मागाहून. वाटीभर शेंगदाणे तीन-चार मिनिटांत भाजून होतात, मात्र दर मिनिटाला बाहेर काढून हलवायचे आणि अजून थोडे कच्चे वाटतायत तोच थांबायचं, कारण बाहेर आल्यावरही ते आतून भाजत राहतात. कूट करून डबा भरून ठेव. कोशिंबिरीत घाल, दह्यात घाल. दही लावायचं तर ओटीजी दोन मिनिटं अगदी कमी तापमानावर चालू करून बंद कर आणि विरजलेलं पातेलं आत ठेवून दे. बडोद्याच्या थंडीतही सकाळी दही लागलेलं असेल.

सेवउसळ सोडू नकोस. बडोद्यात राहून सेवउसळ खायची नाही म्हणजे काय! रविवारी खा, शेव थोडी कमी घ्यायला सांग आणि वरची तर्री नाकार.

आणि एक गोष्ट जेवणाची नाही, पण त्याआधीची. मायक्रोवेव्ह अन्नाला सातशे-आठशे वॉट देतो, पण भिंतीतून अकराशे-बाराशे ओढतो. ओटीजी साधारण तेवढाच किंवा त्याहून जास्त. भिंतीवरचं लहान सॉकेट सहा अँपिअरचं असतं. २३० व्होल्टवर ते जेमतेम १३८० वॉट पेलतं. दोन्ही यंत्रं एका एक्स्टेंशनवर एकाच वेळी लावलीत तर वायर आधी गरम होईल, मग वितळेल. मालकीणबाईंना सांगून सोळा अँपिअरचं मोठं सॉकेट काढून घ्या आणि तरीही एका वेळी एकच यंत्र चालवा.

ताई, माझं वय चौऱ्याहत्तर. सूनबाई सकाळची भाजी दुपारी मायक्रोवेव्हात गरम करून वाढते. मोबाइलवर रोज येतं की त्याने जीवनसत्त्वं मरतात आणि किरणं अन्नात राहतात. तिला बोललो तर ती रुसते. खरं काय ते लिहा, मी तिला अंक दाखवीन.
— एक ज्येष्ठ वाचक, निझामपुरा

काका, अंक तिला जरूर दाखवा, पण आधी स्वतः वाचा, कारण या खेपेला मी सूनबाईंच्या बाजूने आहे.

मायक्रोवेव्हातल्या लहरी रेडिओच्या जातीच्या आहेत, २४५० मेगाहर्ट्झच्या. क्ष-किरणांसारखी अणू-रेणूंची मोडतोड करण्याची ताकद त्यांच्यात नाही. त्या पाण्याच्या रेणूंना हलवतात, त्या हालचालीतून उष्णता होते, आणि यंत्र बंद झालं की लहरी संपतात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तशा त्याही भाजीत साठून राहत नाहीत. दारावर ती बारीक भोकांची जाळी असते ना, तिची भोकं एक-दोन मिलिमीटरची आणि लहरींची लांबी सुमारे बारा सेंटिमीटर. त्या त्यातून बाहेर येऊ शकत नाहीत. प्रकाशाची लहर अतिसूक्ष्म, म्हणून आतली भाजी आपल्याला दिसते. दार वाकलं असेल, नीट बसत नसेल, तर मात्र यंत्र वापरायचं नाही.

हे काही कालचं खूळही नव्हे. अमेरिकेत रेथिऑन कंपनीत काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ साली यासाठी पेटंटचा अर्ज केला आणि १९४७ साली पहिलं यंत्र बाजारात आलं, माणसाच्या उंचीचं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की मायक्रोवेव्हात शिजवलेलं अन्न साध्या ओव्हनमधल्या अन्नाइतकंच सुरक्षित आणि तितकंच पोषक असतं.

आता जीवनसत्त्वांचं. क जीवनसत्त्व आणि ब गटातली काही पाण्यात विरघळतात. भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी मोरीत ओतलं की ती खरी गेली, मग ती चुलीवर उकळा नाहीतर कशावरही. थोड्या पाण्यात, थोड्या वेळात वाफवलं तर जास्त टिकतात, आणि मायक्रोवेव्ह नेमकं तेच करतो. आपलं महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं आणि हंसाबेन मेहता कुलगुरू असताना तिथे गृहविज्ञान शाखा उभी राहिली. मी त्याच शाखेत शिकले आणि पहिल्याच वर्षी आमच्या बाईंनी भाजीचं पाणी फेकणाऱ्या मुलीला सगळ्यांसमोर ते प्यायला लावलं होतं. तेव्हापासून मी फेकत नाही.

एका गोष्टीत तुमची शंका बरोबर आहे. वारंवार गरम केल्याने नुकसान होतं. सूनबाईंना सांगा, सगळं भांडं तीनदा गरम करण्यापेक्षा तुमच्या वाट्याची भाजी एकदाच गरम करा. मध्ये एकदा ढवळून, मधोमध वाफ येईपर्यंत.

काकू, नोकरीसाठी गोत्रीत एकटा राहतो. माझा मायक्रोवेव्ह डाळ शिजवतच नाही. उतू जाते, काचेची थाळी भरते, आणि डाळ बाहेरून लगदा, आतून कच्ची. राजमा तासभर ठेवला तरी टणक. रविवारी आठवड्याचा भात करून डब्यात भरून ठेवतो, तेवढं एक नीट होतं. काय चुकतंय?
— एक वाचक, गोत्री

जे नीट होतंय म्हणतोस त्याचीच मला जास्त काळजी वाटते, म्हणून आधी भात.

तांदळात बॅसिलस सेरेयस नावाच्या जंतूंचे बीजाणू असतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात खोलीत तासन्तास राहिला की ते वाढतात आणि त्यांच्यातले काही असं विष सोडतात की जे पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून भात झाल्यावर पसरट ताटात निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा आणि दुसऱ्या दिवशी संपायला हवा. आठवड्याचा भात अजिबात नको. एकट्याचा भात असा किती वेळ घेतो? वाटीभर तांदूळ, दोन वाट्या पाणी, बारा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात आंघोळ होते.

राजमा या दोन यंत्रांत करूच नकोस. तो टणक राहतो एवढाच त्याचा दोष नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं, त्याने भयंकर उलट्या-जुलाब होतात. ते जाण्यासाठी राजमा रात्रभर भिजवून, पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळावा लागतो. मंद आचेवर, अर्धवट शिजवलेला राजमा कच्च्याहूनही वाईट असू शकतो. फारच आठवण आली तर शिजवलेल्या राजम्याचा डबा विकत मिळतो, त्यातलं खारं पाणी धुऊन टाक. नाहीतर विजेवरचा प्रेशर कुकर घे. मूग, मसूर, मटकी यांवर भागव. ती गरीब कडधान्यं आहेत, पोटाला त्रास देत नाहीत.

आता डाळ. तूरडाळ अर्धी वाटी, तासभर भिजवलेली, दोन वाट्या पाणी. डाळीचा फेस आतल्या डाळ-पाण्याच्या तिप्पट उंचीवर चढतो, म्हणून भांडं तेवढं खोल हवं. अर्धा चमचा तेल घातलं की फेस दबतो. झाकण पूर्ण लावू नकोस, एका बाजूने उघडं ठेव. पूर्ण पॉवरवर उकळी आली की पन्नास टक्क्यांवर वीस मिनिटं. साध्या यंत्रात पन्नास टक्के म्हणजे आच कमी होते असं नाही. ते काही सेकंद पूर्ण जोराने चालतं, काही सेकंद गप्प राहतं. त्या गप्प वेळात उष्णता डाळीच्या पोटात शिरते. लहरी स्वतः एक-दोन सेंटिमीटरच आत जातात, पुढचा प्रवास उष्णतेचा. तू पूर्ण पॉवरवर रेटत होतास, म्हणून बाहेर लगदा आणि आत कच्चं.

टोमॅटो, आमसूल, चिंच यांतलं आंबट डाळ मऊ झाल्यावरच घाल. आंबटाने साल आणि दाणा घट्ट राहतो. बोअरचं जड पाणी वापरत असशील तर तेही कारण असू शकतं, पिण्याचं पाणी वापरून बघ.

मावशी, मांजलपूरला आमच्या घराचं काम काढलंय. ओटा फोडलाय, दोन महिने तरी शेगडी नाही. मधल्या खोलीत टेबलावर मायक्रोवेव्ह आणि मोठा ओटीजी मांडलाय. सासऱ्यांना मधुमेह, त्यांना रात्री भाकरीच लागते. ओटीजीत भाकरी केली तर लाकूड झालं. भात देता येत नाही, हॉटेलचं मागवता येत नाही. काय करू?
— एक सूनबाई, मांजलपूर

लाकूड होणारच होतं. तापलेला तवा भाकरीला चिकटून उष्णता देतो, क्षणात आतल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतो. ओटीजीतली हवा अडीचशे अंशांची असली तरी हवेची उष्णता सावकाश लागते. तेवढ्या वेळात पाणी निघून जातं आणि फुगायचं राहून जातं. भाकरीचा हट्ट आजोबांनी दोन महिने सोडावा. ते तयार होणार नाहीत, म्हणून त्यांना हांडवो, म्हणजे डाळ-तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचा भाजलेला तिखटमिठाचा केक, खाऊ घाला.

गुजरातच्या या भूमीने ओव्हनसाठीच जणू हा पदार्थ घडवलाय आणि आपण मराठी मंडळी अजून त्याच्याकडे फरसाण म्हणून बघतो. हांडव्याचं जाडसर पीठ कुठल्याही घंटीवर (पिठाच्या गिरणीत) तयार मिळतं. पण तुम्हाला मधुमेहासाठी हवंय, तर स्वतः दळून आणा आणि तांदूळ कमी करा. एक वाटी तांदूळ, एक वाटी चणाडाळ, अर्धी वाटी तूरडाळ, पाव वाटी उडीदडाळ. हवी तर वाटीभर ज्वारी मिसळा, तांदूळ अर्धी वाटी करा. रवाळ दळायचं.

दोन वाट्या पीठ, पाऊण वाटी आंबट दही, कोमट पाणी. इडलीच्या पिठाहून किंचित घट्ट. एरवी सात-आठ तासांत आंबतं, या दिवसांत रात्रभर आणि वर सकाळचे दोन तास लागतील. मग दीड वाटी किसलेला दुधी, पिळून न घेता. मूठभर चिरलेली मेथी, आलं-मिरची, हळद, मीठ. बाजारचा हांडवो गोडसर असतो, तुम्ही गूळ घालू नका. दोन चमचे तेलाची मोहरी-तीळ-हिंगाची फोडणी मायक्रोवेव्हात करून घ्या. निम्मी पिठात, निम्मी वर. पाव चमचा सोडा लिंबाच्या रसात फेसवून शेवटी घाला, हलक्या हाताने फिरवा आणि लगेच तेल लावलेल्या सात इंची डब्यात ओता. ओटीजी दहा मिनिटं आधी १८० अंशांवर तापवलेला हवा. दोन्ही रॉड, मधली जाळी, पंचेचाळीस मिनिटं. सुरी मधोमध खुपसून कोरडी निघाली की शेवटची सात-आठ मिनिटं फक्त वरचा रॉड. हांडव्याचं सगळं सुख त्या लाल कडेत आहे, आमच्या घरी त्यावरून भांडणं होतात. पंधरा मिनिटं निवू द्या, मगच कापा. गरम कापलात तर भुगा होतो.

एक चौकोन, सोबत वाटीभर पालेभाजी आणि ताक, एवढं रात्रीला पुरतं. डाळ, दुधी, दही एकत्र असल्याने नुसत्या भातासारखी साखर झपकन चढायची नाही. तरी जेवणानंतर दोन तासांनी त्यांच्या यंत्रावर एकदा साखर बघा आणि तुकडा केवढा द्यायचा ते त्या आकड्यावर ठरवा. डॉक्टरांनाही सांगा.

रोज हांडवो कोण खाईल! मध्येच भाजणीचं थालीपीठ करा. भाजणीत दही आणि भरपूर कांदा घालून पीठ सैलसर मळा, तेल लावलेल्या ट्रेवर ओल्या हाताने थापा, भोकं पाडा, त्यांत तेलाचे थेंब सोडा. २०० अंशांवर बारा मिनिटं, उलटून सहा. तव्यावरच्या थालीपिठाची सर येणार नाही, पण आजोबांना ते भाकरीच्या जवळचं वाटेल. मुठिये (पीठ आणि भाजीचे मुठीत वळलेले गोळे) मायक्रोवेव्हात पाच-सहा मिनिटांत उकडतात, कोथिंबीर वडीही तशीच. उकडून कापायची आणि तेलाचा हात फिरवून ओटीजीत २०० अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेवायची. तळायची गरज नाही, आणि मला तर तीच जास्त आवडते.

रताळ्याबद्दल मात्र सावध. ओटीजीत तासभर भाजलेलं रताळं मधासारखं गोड लागतं, कारण सावकाश तापताना त्यातल्या पिष्टाची साखर होत जाते. मायक्रोवेव्हात ते पाच-सहा मिनिटांत तापून जातं, त्या बदलाला वेळच मिळत नाही, म्हणून कमी गोड लागतं. बाकी सगळ्यांना भाजलेलं द्या, आजोबांना उकडलेला लहान तुकडा.

स्टीलचं भांडं मायक्रोवेव्हात चालतं का? मैत्रीण चालतं म्हणते. आणि ओटीजीत काय चालतं?
— एक वाचक, करेलीबाग

मायक्रोवेव्हात स्टील, अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, सोनेरी काठाच्या बश्या नकोत, ठिणग्या उडतात. मेलामाइनच्या ताटल्याही नकोत, त्या स्वतःच तापतात. काच आणि बिननक्षीची चिनीमाती उत्तम. 'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलेलं प्लास्टिक फक्त पाण्याच्या पदार्थांना, तेलाला नाही. अंडं कवचासकट ठेवायचं नाही, फुटतं. फोडून घातलं तरी बलकाला टोचा मारायचा. वांगं, बटाटा, रताळं यांनाही. ओटीजीत स्टील, अ‍ॅल्युमिनियम, माती सगळं चालतं, प्लास्टिक कुठलंच नाही. तापलेली काच ओटीजीतून काढून ओल्या ओट्यावर ठेवायची नाही.

ताई, उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, घरी वीस माणसं. उंधियुची मिश्र भाजी बाहेरून आणली की तेलात पोहत असते, आणि यंदा डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही तेल कमी करायला सांगितलंय. तुम्ही ओटीजीत करता असं ऐकलं. कृती द्याल का?
— एक वाचक, वाघोडिया रोड

ऐकलेलं खरं आहे. माठात भाज्या भरून, तोंड बंद करून, जमिनीत उलटा पुरून वर आगटी करायची, ही उंधियुची मूळ रीत. म्हणजे ते भाजण्याचंच काम, तळण्याचं नव्हे; तेल मागाहून आलं. त्यामुळे ओटीजी इथे नवखा नाही.

वीस माणसांचं एका खेपेत ओटीजीत मावणार नाही, तीन खेपा धरा आणि आदल्या रात्री अर्धी तयारी करून ठेवा. एका खेपेला अर्धा किलो सुरती पापडी, पाव किलो तुरीचे ताजे दाणे, पाव किलो जांभळा कंद, दोन रताळी, चार छोटे बटाटे, चार छोटी वांगी. कंदाच्या फोडी थोड्या पाण्यात झाकून मायक्रोवेव्हात आठ-नऊ मिनिटं, बटाटे सालासकट टोचून पाच, रताळी चार. पापडी आणि तुरीचे दाणे ओवा आणि किंचित हिंग घालून अर्धी वाटी पाण्यात दहा मिनिटं. पापडी पूर्ण मऊ शिजायला हवी, करकरीत ठेवायची फॅशन इथे नको. पापडीला हिरवं ठेवण्यासाठी सोडा घालतात, तो घालू नका, त्याने ब जीवनसत्त्वाचं नुकसान होतं.

मेथीचे मुठिये तळायचे नाहीत. कणीक, चणापीठ, भरपूर मेथी, दही, तीळ. लहान लहान वळून तेलाचा हात लावायचा आणि १८० अंशांवर वीस-बावीस मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे. थोडे कोरडे वाटतील, काळजी नको, मसाल्याचं पाणी पिऊन मऊ होतात.

हिरवा मसाला सढळ हाताने: दोन जुड्या कोथिंबीर, हिरवा लसूण पातीसकट, आलं, मिरची, अर्धी वाटी ओलं खोबरं, शेंगदाण्याचं कूट, तीळ, लिंबू. तेल कमी केलं की चव या मसाल्यानेच धरून ठेवायची असते. वांग्यांत आणि बटाट्यांत भरा, उरलेला बाकी भाज्यांना चोळा. तीन मोठे चमचे तेल एका खेपेला पुरतं. मिठाचा हात आखडता घ्या. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते आणि त्या दिवशी चिक्की, फरसाण, चटण्यांतून ते आधीच पोटात गेलेलं असतं.

स्टीलच्या खोलगट भांड्यात तळाला पापडी, मग कंद आणि रताळी, वर वांगी-बटाटे. अर्धी वाटी पाणी कडेने सोडा, घट्ट झाकण किंवा फॉइल, १७० अंशांवर चाळीस मिनिटं. अर्ध्या वेळाने मुठिये घाला. कच्च्या केळ्यांचे सालासकट तुकडे घालणार असाल तर तेही मुठियांबरोबरच, आधी घातले तर त्यांचा चिखल होतो. वाढण्यापूर्वी दहा मिनिटं झाकण काढू नका. पतंगवाली मंडळी गच्चीवरून हाका मारतील, मारू देत.